कमळाखाली काय आहे?

एका राज्यात 'चूक' हा शब्द कुणी तोंडातून काढत नसे. चुका होत नसत असं नव्हे. माणसं होती, हात होते, हत्यारं होती, तेव्हा चुका व्हायच्याच. पण त्या राज्याची एक रीत होती. चूक झाली की तिच्यावर लाखेचा लेप द्यायचा आणि लेपावर एक कमळ काढायचं. भिंतीला तडा गेला, काढ कमळ. रांजण चिरला, काढ कमळ. सोनाराच्या हातून कंकण वाकडं झालं, तर वाकडेपणावर इवलंसं कमळ. एकदा न्हाव्याने एकाच्या कानाचा तुकडा उडवला, तेव्हा त्या गृहस्थाच्या कानावरही फार सुबक कमळ निघालं म्हणतात. परमुलखातले पाहुणे येत, दारं-भिंती-भांडी न्याहाळत आणि म्हणत, "काय हे सौंदर्य! काय ही इथल्या लोकांची रसिकता!" गावकरी हसून मान डोलवत. सगळ्यांत जास्त कमळं राजवाड्यावर होती.

त्या राज्याचा राजा मणिध्वज. देखणा, उदार, प्रजेवर माया करणारा. त्याची राणी हेमवल्ली. बोलायला फटकळ, हट्टाला पेटली की कुणालाही न आवरणारी, आणि राजावर तिचा जीव की प्राण. नगराला लागून एक तळं होतं, पैलतीर दिसू नये एवढं मोठं, आणि त्याच्या मध्याशी एक बेट होतं. वसंत आला की राजाने नव्या होडीतून त्या बेटावरच्या देवीच्या दर्शनाला जावं, असा नेम होता. त्या वर्षीची होडी राजसुतारांनी नखशिखांत कमळांनी मढवली. राजाने पाहिली, "वा!" म्हटलं आणि आत बसला.

होडी मध्यावर आली आणि पाणी दुभंगलं. तळ्याची मायाविनी जळकेशी वर आली. तिचे केस शेवाळाचे होते आणि डोळे माशाचे, पापणी न लवणारे.

"राजा," ती म्हणाली, "तुझ्या होडीवर एवढी कमळं. या कमळांखाली काय आहे?"

राजाने वाकून पाहिलंसुद्धा नाही. म्हणाला, "काही नाही."

"काही नाही? अशाच कमळांच्या होड्या इथे बुडतात. माणसं माझ्या अंगणात येऊन पडतात. त्यांच्या आया काठावर रडतात आणि काठावरच कुणीतरी पुढची होडी रंगवायला घेतं. माझं अंगण भरलं, राजा. आजपासून या पाण्यावर तुमची होडी तरायची नाही. आणि तू कमळ होशील."

राजा तिथल्या तिथे वाड्यावरूनही दिसेल एवढं मोठं कमळ झाला आणि बेटाच्या काठाशी जाऊन उगवला. होडी तळाला गेली. नावाडी पोहत काठाला लागले आणि त्यांनी शापाचा उरलेला भाग दरबारात सांगितला. दर पौर्णिमेला चंद्र उगवला की त्या कमळाची एक पाकळी गळेल. शेवटची गळली की राजा संपला. उःशाप एकच होता. राजाच्या घरातल्या कुणीतरी, घराच्या अंगणात, स्वतःच्या हातांनी होडी करावी, तिच्यातून तळ्याच्या मध्यावर यावं आणि जळकेशीच्या त्याच प्रश्नाला खरं उत्तर द्यावं.

राजाला मूल नव्हतं. राजमाता थकलेली. राहता राहिली राणी.

"महाराणी," प्रधान सुबंधु हात जोडून म्हणाला, "आपण कधी सुईसुद्धा हातात धरलेली नाही."

"मग आता सुताराचा वाकस धरीन," हेमवल्ली म्हणाली, आणि पदर खोचून अंगणात गेली.

अंगणात आंब्याचं एक जुनं झाड होतं. त्याच्या खोडात एक सुतारपक्षी राहत असे. त्याला माणसांची भाषा येत होती, पण बोलण्यासारखं कुणी भेटलं नाही म्हणून तो गप्प होता. राणीने खोडावर हात ठेवला तसा तो बाहेर आला.

"राणी, हे माझं घर आहे."

"पक्षीराज, माझं घर तळ्यात उगवलंय. झाड मला द्या. बदल्यात काय मागाल ते देईन."

पक्ष्याने मान तिरकी करून विचार केला. "तुझं जिथे बिघडेल तिथे मी तुझ्या तोंडावर सांगेन. तू मला हुसकायचं नाहीस. एवढंच दे."

राणीने वचन दिलं. त्या राज्यात एवढं महागडं वचन त्याआधी कुणी दिलं नव्हतं.

झाड पडलं. वाकस कसा धरायचा इथपासून पक्ष्याची शिकवणी सुरू झाली. आधी बाहेरून तासायचं, मग आतून पोखरायचं. राणीच्या तळहातांना फोड आले, फोड फुटले, तिथे घट्टे पडले. केसांत भुसा, नखांत भुसा, जेवणाच्या ताटात भुसा. दासी दुरून डोळे पुसत. राणी मात्र दर सकाळी सूर्याआधी अंगणात हजर. काय सांगावं तिच्या चिकाटीचं! ज्या हातांनी गजरा केसांत माळायलासुद्धा दुसऱ्याचा हात लागे, त्या हातांनी एका ओंडक्याचं पोट काढलं.

होडी वाड्याच्या पुष्करणीत उतरवली आणि ती एका कुशीवर कलंडली. पाण्यात पडलेला नगारा जसा डुलेल तशी डुलू लागली.

"डावीकडे एक दगड बांधू," सुबंधु तत्परतेने म्हणाला, "आणि दगडावर..." त्याने कमरेची डबी काढली. प्रतिष्ठित माणसाच्या कमरेला लाखेची डबी आणि कुंचला असायचाच. खरं सांगायचं तर राणीचा हातही तोवर आपल्या डबीपाशी गेला होता. जन्माची सवय ती. पक्ष्याने चटकन येऊन तिच्या बोटावर चोच मारली.

"राणी, उजवी बाजू जाड राहिली आहे. दगड बांधलास तर होडी दोन्हीकडून जड होईल. लाकूड काढ."

"किती काढू?"

"ऐक." त्याने डाव्या बाजूला चोच मारली. आवाज खणखणीत आला. उजव्या बाजूला मारली. आवाज बद्द आला. "दोन्हीकडे सारखं बोललं पाहिजे. आणि मध्ये पाण्याची वाटी ठेव. वाटीतलं पाणी एका काठाला लागलं की समज, अजून संपलं नाही."

राणी वाटी ठेवी, पाही, होडी बाहेर काढी, उजवी बाजू तासी, बोटाच्या पेराने ठोकून कान लावी आणि पुन्हा पाण्यात उतरवी. आज जरा जास्तच निघालं म्हणून उद्या डावीकडून थोडं काढायचं. वाड्यातले लोक आधी हसले, मग कंटाळले, मग नकळत दाराशी येऊन वाटीकडे बघत उभे राहू लागले. एका दुपारी वाटीतलं पाणी चारी काठांना सारखं लागलं. सुबंधु एवढा खूश झाला की लहान मुलासारख्या टाळ्या वाजवू लागला, आणि मग पदाची आठवण होऊन खोकला.

इकडे पौर्णिमा येत होत्या आणि जात होत्या. राणी दर पौर्णिमेला गच्चीवर चढून बेटाकडे बघे. कमळ लहान लहान होत चाललं होतं.

आता होडीचं पोट रुंद करायचं होतं. त्यासाठी आत उकळतं पाणी भरून लाकूड मऊ करायचं आणि मग दोन्ही काठांच्या मध्ये आडव्या काठ्या ठोकून ते हळूहळू फाकवायचं. हळूहळू हे महत्त्वाचं. पण आदल्याच संध्याकाळी एक पाकळी गळताना राणीने डोळ्यांनी पाहिली होती. तिने लांब काठी घेतली, वर हातोडा घातला, आणि कडाड! मागच्या टोकापासून हातभर तडा गेला.

राणीने हातोडा टाकला. "संपलं," ती म्हणाली.

"संपलं नाही, चाललंय," पक्षी म्हणाला. "तडा अजून पुढे सरकतो आहे. त्याच्या टोकाशी गिरमिटाने भोक पाड."

"फुटलेल्यात आणखी भोक?"

"गोल भोकापाशी तडा थांबतो. त्याला पुढे जायला वाट राहत नाही. मग डमरूच्या आकाराचा एक तुकडा आडवा बसव, म्हणजे तडा दोन्हीकडून धरला जाईल. वरून राळ ओत. पण आपल्या राज्यात राळ मिळत नाही. लाख तेवढी मिळते."

राळ मिळे ती तीन अरण्यांपलीकडच्या डोंगरावर. तिथे कुंभोदर नावाचा राक्षस राळेची राखण करी. राणी एकटी निघाली. पहिल्या अरण्यात वाट नव्हती, दुसऱ्यात वाटा फार होत्या, तिसऱ्यात एकच वाट होती आणि ती सरळ राक्षसाच्या ओसरीवर जात होती.

"काय मोडलं?" राक्षसाने विचारलं. तो गिऱ्हाइकाला नाव-गाव विचारत नसे.

"होडीला तडा गेला आहे."

"आपोआप गेला?"

"लाकूड जरा..." राणी म्हणाली आणि थांबली. राक्षस नुसता बघत राहिला. राणीला तिच्या राज्यातली सगळी कमळं एकदम डोळ्यांपुढे दिसली. ती म्हणाली, "माझ्या हातून गेला. मी घाई केली. माझी चूक झाली."

तो शब्द उच्चारताच डोंगर हलला, झाडांवरचे पक्षी उडाले आणि राक्षसाच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुमच्या राज्यातून माझ्याकडे आलेली तू पहिलीच," तो म्हणाला. त्याने नारळाएवढा राळेचा गोळा तिच्या ओंजळीत ठेवला. "अर्धा वापर. अर्धा जवळ ठेव."

"कशाला?"

"आणखी काहीतरी बिघडेल."

राणीला राग आला. एवढ्या पायपिटीनंतर हे काय बोलणं! पण गोळा तिने घट्ट धरला, आणि घरी येऊन अर्धाच वापरला. डमरू बसवताना पहिला तुकडा सैल झाला, दुसरा खाचेपेक्षा मोठा, तिसरा असा बसला की मध्ये नख शिरेना. तो तुकडा फणसाच्या लाकडाचा होता, पिवळाजर्द. आंब्याच्या फिकट अंगावर तो अर्ध्या अंगणातून दिसे. दासींनी विचारलं, "याच्यावर कमळ?" राणी म्हणाली, "राहू द्या. मला तो आवडतो." आणि खरोखरच तो तिला आवडत होता. तिच्या साऱ्या दागिन्यांत तसा एकही नव्हता.

शेवटी ती पौर्णिमा आली. कमळाला एकच पाकळी उरली होती. चंद्र उगवायच्या आत मध्यावर पोचायचं होतं. दुपारी राणी स्नानाला गेली, पक्षी आपल्यासाठी नवं झाड बघायला गेला, आणि होडीपाशी राजमाता आल्या. त्यांच्या हातात पूजेचं ताट होतं. नव्या होडीच्या नाकाडावर, म्हणजे पुढच्या टोकावर, नारळ वाढवायचा, ही तिथली जुनी रीत. राजमातांनी मुलाचं नाव घेतलं आणि सगळा जीव एकवटून नारळ आपटला.

नारळ फुटला, आणि त्याबरोबर लाकडातली एक वाळकी गाठ टक् करून निखळली. नाकाडाच्या बाजूला अंगठा जाईल एवढं भोक पडलं.

राजमातांनी भोकात बोट घालून पाहिलं. आज शेवटची पाकळी. आता सून थांबेल, तासत बसेल, चंद्र उगवेल. माझ्या मुलाचं काय होईल? त्या माऊलीने भोवताली पाहिलं, कमरेची डबी काढली, भोकावर लाखेचा जाड लेप दिला आणि वर कमळ काढलं. मग त्यावर झेंडूची माळ चढवली. नारळाची शकलं, शेंडी आणि तेवतं निरांजन ताटात घालून ताट होडीत ठेवलं. हे राणीला ठाऊक नव्हतं. आपल्याला ठाऊक असलेलं बरं.

राणी आली, सासूच्या पाया पडली आणि राळेचा उरलेला गोळा, पटाशी आणि हातोडा घेऊन होडीत बसली. पक्षी तिच्या खांद्यावर येऊन बसला. काठावर सगळं नगर लोटलं होतं. वल्हं पाण्यात गेलं आणि होडी निघाली, सरळ, समतोल. ती तरली! ज्या पाण्याने शाप लागल्यापासून एक फळीसुद्धा अंगावर राहू दिली नव्हती, त्या पाण्यावर ती तरली. लोकांनी जयघोष केला. एकट्या राजमाता झेंडूच्या माळेकडे बघत होत्या.

मध्यावर पाणी दुभंगलं.

"राजाच्या घरची का तू?" जळकेशीने विचारलं.

"त्याची राणी, हेमवल्ली."

"या होडीची उजवी बाजू आतून फार तासलेली दिसते. का?"

"मी ती जाड ठेवली होती. होडी कलंडत होती."

"हा पिवळा डमरू कसला?"

"मी घाई केली. तडा गेला. हा त्याला धरून आहे."

जळकेशीने मान हलवली. तेवढ्यात लाटेने झेंडूची माळ सरकली आणि पाण्यात पडली. नाकाडावर लालभडक कमळ उघडं झालं.

"आणि या कमळाखाली काय आहे?"

हेमवल्लीने कमळ पाहिलं. ते तिने काढलेलं नव्हतं. बारीक पाकळ्या, थरथरत्या हाताची रेघ. ते कुणाच्या हातचं ते तिने ओळखलं. पश्चिमेला सूर्य बुडत आला होता. बेटाच्या काठाशी एक पाकळी वाऱ्याने हलत होती. 'काही नाही' हे दोन शब्द अगदी जिभेवर तयार होते. कदाचित खरंच काही नसेल. कदाचित नुसती शोभा असेल. पक्ष्याने ठोकून बघायला चोच उचलली.

"थांबा, पक्षीराज. हे काम माझं." राणी जळकेशीकडे वळली. "मला ठाऊक नाही. पाहते."

तिने पटाशी घेतली आणि भर तळ्यात, पायांखाली अथांग पाणी असताना, आपल्याच होडीवरचं कमळ खरवडून काढलं. काय ती छाती! लाखेचा लेप निघाला आणि पाण्याची जाड धार आत आली.

"भोक आहे," राणी म्हणाली. "गाठ निखळली आहे. काठ ताजे दिसतात, म्हणजे आजचंच आहे. शेजारी नारळाचा ओरखडा आहे. आता तुम्हाला पुढचं विचारायचं असेल तर विचारा, पण मी काम करता करता बोलेन."

जळकेशीने नुसता हात वर केला आणि वारा थबकला. पाणी मात्र तिने थांबवलं नाही.

राणीने भोकावर डाव्या पायाचा अंगठा दाबला. वल्ह्याची मूठ काठावर टेकवली आणि पटाशीने तिची एक खुंटी छिलून काढली. ताटातली नारळाची शेंडी खुंटीला गुंडाळली. निरांजनावर राळेचा गोळा धरला, तो पाघळला, बोटं भाजली, तिने सोडला नाही. शेंडी राळेत भिजवून खुंटी भोकात घातली आणि हातोड्याने बेताने ठोकली. बेताने हं. घाई काय करते ते ती आता जाणून होती. मग बोटाच्या पेराने टकटक करून कान लावला. आवाज भरीव आला. धार थांबली. जरासं पाझरत राहिलं, थेंब थेंब.

"झालं?" जळकेशीने विचारलं.

"थोडं गळतंय," राणी म्हणाली. "घरी जाऊन पुन्हा बसवीन."

तेव्हा कधी न लवणाऱ्या त्या माशाच्या डोळ्यांवर पापण्या आल्या आणि लवल्या. "एवढंच हवं होतं मला," जळकेशी म्हणाली. "जा. माझं अंगण आता रिकामं राहील." ती पाण्यात विरली. पूर्वेला चंद्र वर आला. बेटाच्या काठची शेवटची पाकळी गळली, आणि ती गळली तिथे गुडघाभर पाण्यात राजा मणिध्वज उभा होता, चिंब भिजलेला, डोळे चोळत.

राणीने होडी नेली. राजा तिच्याकडे बघत राहिला. तिचे हात, तिची नखं, तिच्या केसांतला भुसा.

"राणी, मी तेव्हा वाकून पाहायला हवं होतं."

"हो," हेमवल्ली म्हणाली, आणि मग तिला रडू आलं. राजाने तिला जवळ घेतलं. होडी डुलली नाही.

परतताना राजाच्या पायांना ओलं लागलं. त्याने खाली पाहिलं. "गळतंय," तो म्हणाला.

राणीने ताटातली नारळाची अर्धी करवंटी उचलून त्याच्या हातात दिली. "मग उपसा, महाराज."

आणि ज्याने जन्मात कधी पेला स्वतः भरून घेतला नव्हता तो राजा वाकून पाणी उपसू लागला. काठावर राजमाता उभ्या होत्या. चांदण्यात त्यांनी मुलगा पाहिला आणि त्या वाळूत बसल्या. राणी उतरून आधी त्यांच्यापाशी गेली.

"सूनबाई, माझी..." राजमातांना पुढचा शब्द येईना. आयुष्यात कधी उच्चारलेला नव्हता.

"मातोश्री," राणी म्हणाली, "भोक नारळाने पडलं आणि नारळानेच बुजलं. शेंडी तुम्हीच ठेवली होती ना?"

"चूक," राजमाता म्हणाल्या. त्यांनी तो शब्द पुरा केला, आणि त्यांचे खांदे हलके झाले.

त्यानंतर त्या राज्यातली कमळं एकेक करून खरवडली गेली. भिंती बऱ्याच दिवस विद्रूप दिसल्या, मग पिवळे डमरू बसवून उघड उघड डागडुजी झाली. सुबंधूने लाखेची डबी काढून कमरेला गिरमिट लावलं. सुतारपक्ष्याला राजवाड्याच्या दारासमोरचं झाड मिळालं आणि तो मन मानेल त्याला तोंडावर बोलू लागला. तळ्यावर पुन्हा होड्या आल्या, आणि खरी कमळंही उगवली. परमुलखातले पाहुणे आता येतात आणि विचारतात, "हे पिवळे डमरू कसले हो?" तेव्हा गावकरी त्यांना बसवून घेतात आणि प्रत्येक डमरूची गोष्ट सांगतात. त्या राज्यात नवी होडी पाण्यात उतरते तेव्हा तिच्यात सर्वांत आधी राजा बसतो. हातात राजदंड नसतो. करवंटी असते.